वैनगंगेवरचे इशारे: पुराचे आणि सांडपाण्याचे

नदी चढणार असेल तर काठच्या गावांना आधी सांगायचे, ही चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातली जुनी रीत आहे. कोतवाल दवंडी देई. गुरे वर हाकली जात, ढिवरांचे डोंगे काठावर ओढून बांधले जात. स्वातंत्र्यानंतर त्याला मोजमापाची जोड मिळाली. केंद्रीय जल आयोगाने 1958 मध्ये दिल्लीला यमुनेवर पूर-अंदाज सुरू केला. पुढे वैनगंगेवर आष्टीला आणि प्राणहितेवर टेकड्याला पातळी मोजली जाऊ लागली. 1988 मध्ये पायाभरणी झालेल्या वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाला 33 दारे आहेत. ती उघडली की विसर्गाचा आकडा खालच्या गावांपर्यंत पोहोचवला जातो. गडचिरोलीतल्या आलापल्लीत पावसाळाभर पुराच्या बातम्यांकडे कान असतो, कारण पर्लकोटा नदी फुगली की भामरागडची वाट तुटते.

पाणी किती येणार, एवढेच हे इशारे सांगतात. ते कसे आहे, हे कोणी कळवत नाही. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून आंभोऱ्याजवळ वैनगंगेला आणि तिथून गोसीखुर्दच्या जलाशयात जाते. पुढे वर्धेशी संगम होऊन हीच धार प्राणहिता म्हणून आलापल्लीच्या शेजारी अहेरीजवळून वाहते. इतक्या लांब घाण पुष्कळ विरते. खरा मार भंडारा-पवनीकडच्या नळांना आणि मासेमारीला बसतो. नागपुरात भांडेवाडीला सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे, नाग नदीसाठी 1,900 कोटींहून मोठी योजनाही मंजूर झाली; पण मुसळधार पावसात गटारे नदीत उसळली तर खालच्या गावांना निरोप देण्याची रूढ व्यवस्था नाही.

कायदा मात्र जुना आहे. महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध 1969 मध्येच कायदा केला. 1974 च्या केंद्रीय कायद्याचे 31 वे कलम सांगते, की अपघाताने दूषित द्रव्य प्रवाहात गेले तर संबंधिताने राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला ताबडतोब कळवावे. ही खबर सरकारी यंत्रणेसाठी आहे. घाटावर घागर भरणाऱ्या बाईपर्यंत ती नेण्याचे बंधन त्या कलमात नाही. इंग्लंडमध्ये 2021 च्या पर्यावरण कायद्याने जलकंपन्यांवर ते बंधन घातले. पावसाळी गटार नदीत ओसंडू लागले की तासाभरात ते जाहीर करावे लागते, आणि 1 जानेवारी 2025 पासून ही तरतूद लागू आहे.

वैनगंगेवर धरणाच्या विसर्गाची खबर गावोगाव नेणारी यंत्रणा तयारच आहे. सांडपाण्याची खबरही तिनेच न्यावी.