राजगृहाआधीची पुस्तकं

बाबासाहेबांच्या ग्रंथसंग्रहाचा विषय निघाला की आपण थेट दादरच्या राजगृहात पोहोचतो. पण वाचणाऱ्या भीमरावाची पहिली पुस्तकं परळच्या चाळीतल्या एका खोलीत जमली. घरात जागा नाही म्हणणाऱ्या मित्रांनो, त्याच खोलीत चूल होती, जातं होतं आणि अख्खं कुटुंब होतं.

पैसे कुठून आले? सुभेदार रामजींची पेन्शन तुटपुंजी. मुलाला शाळेबाहेरचं पुस्तक हवं असलं की ते लग्न झालेल्या लेकींकडे जात. धाकटीकडे पैसे नसले तर थोरलीचा दागिना मागून घेत, गहाण ठेवत, पुस्तक आणत. पेन्शन हातात पडली की दागिना सोडवून परत देत. मंजुळा आणि तुळसा ही त्या बहिणींची नावं. आपल्या जयंतीच्या किती बॅनरवर ती असतात?

1907 मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. सुमारे अर्धशतकानंतर, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’साठी प्रस्तावना लिहिताना, बाबासाहेबांनी त्या पुस्तकाची आठवण आवर्जून नोंदवली.