मुंबईतील बिऱ्हाडाची जागा : स्थलांतरित मराठी कुटुंबांच्या वस्ती-निवडीचा ऐतिहासिक अभ्यास (१८९६ ते १९४७)

सारांश :
कुटुंब घेऊन नव्या शहरात राहावयास जाणाऱ्या माणसापुढे पहिला प्रश्न असतो तो ‘कोठे राहावे’ हा. वरवर पाहता हा प्रश्न घरगुती व खाजगी स्वरूपाचा वाटतो. तथापि, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मुंबईचा विचार करता, ही निवड रोजगार, नातेसंबंध, जात आणि शासकीय धोरण यांच्या परस्परक्रियेतून घडत होती असे दिसून येते. प्रस्तुत शोधनिबंधात गिरणगाव, गिरगाव, दादर आणि पार्ले या वस्त्यांच्या आधारे या प्रक्रियेचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : स्थलांतर, बिऱ्हाड, चाळ, गिरणगाव, गावकी, भाडेनियंत्रण.

१. प्रस्तावना :
१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची उभारणी हाती घेतली. त्यानंतरच्या अर्धशतकात मुंबईचे रूपांतर बंदराच्या शहरातून औद्योगिक नगरीत झाले. १९०१ साली सुमारे पावणेआठ लाख असलेली लोकसंख्या १९२१ साली पावणेबारा लाखांच्या घरात गेली. या वाढीत जन्माने मुंबईकर असलेल्यांपेक्षा बाहेरून आलेल्यांचा वाटा फार मोठा होता आणि त्यातही रत्नागिरी जिल्हा अग्रेसर होता. कोकणातून बोटीने आणि सातारा, पुणे, अहमदनगर या देशावरील जिल्ह्यांतून रेल्वेने लोक येत राहिले.

मुंबईविषयक इतिहासलेखनात गिरणी, संप व कामगार चळवळ यांचा विस्ताराने अभ्यास झाला आहे. त्या मानाने एखादे कुटुंब विशिष्ट वस्तीतच का स्थिरावले, या प्रश्नाकडे मराठीतून कमी लक्ष दिले गेले. ही उणीव काही अंशी भरून काढण्याचा येथे प्रयत्न आहे.

२. उद्दिष्टे :
अ) स्थलांतरित कुटुंबांच्या वस्ती-निवडीमागील घटकांचा शोध घेणे.
ब) श्रमिक व पांढरपेशा वर्गांच्या निवडीतील साम्य व भेद स्पष्ट करणे.
क) ज्यांना निवडीचा अधिकार नाकारला गेला त्यांच्या अनुभवाचे या इतिहासातील स्थान निश्चित करणे.

३. गृहीतक :
ज्या ‘ओळखी’मुळे नवागत कुटुंबास शहरात दार उघडले जात होते, त्याच ओळखीच्या बळावर इतरांसाठी दार बंद केले जात होते.

४. विषय-विवेचन :

४.१ प्लेग आणि शहराची नवी मांडणी
सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजेच प्लेगचे निदान केले. साथीच्या भयाने हजारो लोक शहर सोडून गेले. दाट वस्ती, कोंदट खोल्या आणि सांडपाण्याची दुर्व्यवस्था यांकडे सरकारचे लक्ष वेधले गेले व १८९८ साली मुंबई शहर सुधारणा ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रस्ते काढले आणि उत्तरेस दादर-माटुंगा परिसरात आखीव वसाहतींची योजना हाती घेतली. मात्र आरंभीच्या वर्षांत पाडलेल्या खोल्यांच्या मानाने नव्याने बांधलेल्या खोल्या अपुऱ्या होत्या. परिणामी गरीब भाडेकरू शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहू लागले. सुधारणेचा लाभ आणि सुधारणेची झळ या दोन्ही गोष्टी एकाच वर्गाच्या वाट्यास आल्या नाहीत, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे.

४.२ भोंग्याच्या हाकेवरील घर
गिरणी कामगाराच्या दृष्टीने घराची पहिली कसोटी म्हणजे गिरणीच्या दरवाजापर्यंतचे अंतर. १९०७ साली विजेची ट्राम सुरू झाली, तरी रोजचा प्रवासखर्च कामगारास परवडणारा नव्हता. १९२० च्या दशकात सुमारे ९० टक्के गिरणी कामगार कामाच्या ठिकाणापासून पायी पंधरा मिनिटांच्या आत राहत होते, याकडे इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी लक्ष वेधले आहे. पहाटेचा भोंगा ऐकू येणे ही सोय नव्हती, तर रोजगार टिकविण्याची अट होती. बदली कामगारास तर दररोज सकाळी दरवाजापाशी हजर राहूनच काम मिळत असे.

दुसरी कसोटी ओळखीची होती. कामावर घेणारा जॉबर पुष्कळदा त्याच परिसरात राहत असे. राहण्याची सोय, उसनवारी आणि नोकरी या तिन्ही बाबी त्याच्याशी जोडलेल्या असत. वाणी उधारीवर धान्य देत असे, तेही कोणीतरी शब्द टाकल्यावरच. गावोगावच्या मंडळींनी मिळून भाड्याने घेतलेल्या ‘गावकीच्या खोल्या’ एकट्या पुरुषांचा आधार होत्या. गोव्याहून येणाऱ्या ख्रिस्ती खलाशांचे व स्वयंपाक्यांचे धोबीतलाव, माझगाव भागांतील ‘कूड’ हेही याच स्वरूपाचे होते. अशा रीतीने गावचा माणूस मुंबईत आला तरी प्रथम गावातच उतरत असे.

या जाळ्याचे महत्त्व बी.डी.डी. चाळींच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत १९२० साली स्थापन झालेल्या विकास खात्याने ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी उभ्या राहिल्या व त्यांत सुमारे १६,००० खोल्या झाल्या. घरटंचाईने ग्रासलेल्या शहरात या खोल्या तत्काळ भरावयास हव्या होत्या. परंतु अनेक खोल्या, विशेषतः वरळीच्या, प्रारंभी रिकाम्या राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात तर वरळीच्या चाळींचा काही भाग तुरुंग म्हणून वापरण्यात आला. भाडे, बाजाराचा अभाव आणि गिरण्यांपासूनचे अंतर ही त्याची कारणे होत. चार भिंती आणि छप्पर मिळाले म्हणजे वस्ती होत नाही, हे प्रशासनास यातून उमगावयास हवे होते.

४.३ कुटुंब आणण्याचा निर्णय
१९२१ च्या जनगणनेनुसार मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सुमारे सव्वापाचशेच होती. बहुसंख्य पुरुष एकटे राहत, घरी मनीऑर्डर पाठवीत आणि शेतीच्या हंगामात वा शिमगा-गणपतीस गावी जात. संपकाळात गावची जमीन हाच त्यांचा विमा होता. त्यामुळे बायकामुलांना मुंबईत आणणे म्हणजे केवळ पत्ता बदलणे नव्हते. तो विमा सैल करण्याचा धोका त्यात होता.

कुटुंब आल्यानंतर वस्तीचे निकष बदलत. नळाचे पाणी किती वेळ येते, संडास किती बिऱ्हाडांत सामाईक आहे, बाळंतपणात धावून येणारी बाई शेजारी आहे काय, या गोष्टींना महत्त्व येई. दहा बाय बाराच्या खोलीत नात्यातील दोन-तीन पुरुषांची सोय करावी लागे. पाळ्यांमुळे झोपण्याची जागाही पाळीपाळीने वापरली जाई. खानावळ चालविणाऱ्या स्त्रिया या वस्तीच्या अर्थव्यवस्थेचा कणा होत्या. तथापि, घराची निवड पुरुषाच्या कामावरून होई आणि त्या निवडीचे ओझे मात्र घरातील स्त्री वाहत असे.

४.४ पांढरपेशा वर्गाची निवड
गिरगाव-ठाकुरद्वार हा कारकून, शिक्षक, वकील अशा वर्गाचा परिसर. कोट भागातील कचेऱ्या जवळ, शाळा व ग्रंथालये हाताशी, आणि १८९३ पासून केशवजी नाईक चाळीतील सार्वजनिक गणेशोत्सवासारखे सांस्कृतिक जीवन हे त्याचे आकर्षण होते. येथेही ‘आपल्या लोकांची चाळ’ हाच शोधाचा प्रारंभबिंदू असे. १९१५ साली गामदेवी येथे श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. सहकाराचे आधुनिक तत्त्व आणि ज्ञातीचे जुने नाते यांचा संगम तीत आढळतो.

१९२५ साली विजेवर चालणारी पहिली लोकलगाडी सुरू झाली. काम आणि घर यांची फारकत आता पगारदार वर्गास शक्य झाली. दादरची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी व माटुंगा येथे स्वतंत्र स्वयंपाकघर व संडास असलेली घरे मिळू लागली. पार्ल्यात १९२१ साली पार्ले टिळक विद्यालय आणि १९२३ साली लोकमान्य सेवा संघ या संस्था उभ्या राहिल्या. मुलांचे शिक्षण हा वस्ती-निवडीचा निर्णायक घटक बनल्याचे हे निदर्शक होय. कामगाराने गिरणी पाहून घर निवडले, तर कारकुनाने शाळा पाहून. ओळखीची शिदोरी मात्र दोघांनाही आवश्यक होती.

४.५ ज्यांना निवड नव्हती
ही ओळखच ज्यांच्या आड येत होती, त्यांचा अनुभव या इतिहासाची दुसरी बाजू दाखवितो. सुभेदार रामजी सकपाळ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी साताऱ्याहून मुंबईस बिऱ्हाड हलविले. मुलांचे शिक्षण हा त्यांचा ध्यास होता. तरीही घर मिळाले ते परळच्या कामगारवस्तीतील डबक चाळीत, एका खोलीचे. भीमराव आंबेडकर तेथून एल्फिन्स्टन हायस्कूलला जात व १९०७ साली ते मॅट्रिक झाले. पुढे १९१२ पासून सुमारे दोन तपे हे कुटुंब परळच्या सुधारणा ट्रस्टच्या चाळीत राहिले.

१९१७ साली, परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू होताना, आंबेडकरांना त्या शहरात राहावयास जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून काढलेले दिवस अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने संपविले. मित्रांनीही असमर्थता दर्शविली व त्यांना मुंबईस परतावे लागले. हा प्रसंग त्यांनी स्वतः नोंदवून ठेवला आहे. पदवी, पगार आणि राजाश्रय या तिन्ही गोष्टी हाती असूनही घर मिळत नाही, तेव्हा वस्तीची निवड ही ऐपतीची बाब राहत नाही.

या पार्श्वभूमीवर ट्रस्ट व विकास खात्याच्या चाळींचे वेगळे महत्त्व जाणवते. तेथे खोली मिळण्यासाठी खाजगी घरमालकाच्या मर्जीची गरज नव्हती. त्यामुळे दलित कुटुंबांना शहरात स्थिर होण्यास ती एक वाट मिळाली. मात्र या चाळींतही जातवार वस्ती होत गेली आणि १९७४ च्या वरळी दंगलीत तिचे पडसाद उमटले. १९३० च्या दशकात आंबेडकरांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले. ग्रंथांसाठी जागा हवी, हे त्यामागील कारण सर्वश्रुत आहे. त्याचबरोबर, जे घर कोणी भाड्याने देत नव्हते ते स्वतःच्या मालकीने उभे करण्याची ही कृती होती, असेही म्हणता येईल.

४.६ गोठलेली निवड
पहिल्या महायुद्धातील भाववाढीनंतर १९१८ साली भाडेनियंत्रणाचा कायदा आला. १९४७ च्या कायद्याने भाडी दीर्घकाळासाठी बांधली गेली. भाडेकरूस संरक्षण मिळाले. परंतु नव्याने येणाऱ्यास ‘पगडी’ भरल्याशिवाय खोली मिळेनाशी झाली. आजोबांनी नोकरीच्या सोयीने घेतलेली खोली नातवाचा कायमचा पत्ता बनली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तरी कुटुंबे तेथेच राहिली; कारण ज्या कारणासाठी घर निवडले ते कारण नाहीसे झाले, तरी घराभोवती विणलेले संबंध शिल्लक होते.

५. निष्कर्ष :
१) मुंबईतील स्थलांतरित कुटुंबांची वस्ती-निवड रोजगाराचे अंतर व ओळखीचे जाळे या दोन घटकांनी प्रामुख्याने ठरविली.
२) पांढरपेशा वर्गास लोकल व सहकारी गृहनिर्माण यांमुळे निवडीची कक्षा रुंदावता आली, श्रमिकांना ती सवलत मिळाली नाही.
३) कुटुंब आणण्याच्या निर्णयाचे श्रमरूपी मूल्य स्त्रियांनी चुकते केले.
४) ओळखीचे जाळे हे आश्रय व बहिष्कार या दोहोंचे साधन होते. सार्वजनिक गृहनिर्माणाने हा बहिष्कार काही प्रमाणात भेदला. पूर्णतः नष्ट केला नाही.

घर भाड्याने देताना आडनाव, धर्म व आहार विचारण्याची प्रथा आजही शहरांतून आढळते. म्हणून ‘कोठे राहावे’ या प्रश्नाचा इतिहास अभ्यासताना ‘कोठे राहू दिले जाते’ हा प्रश्न त्यापासून वेगळा करता येत नाही.