तळटीप : फरशी

फरशी : इथे घरातली फरशी नव्हे, लांब दांड्याची, रुंद पात्याची लढाऊ कुऱ्हाड. शब्द संस्कृत 'परशु'चाच. मागच्या आवृत्तीत त्याचा अर्थ 'ढाल' असा छापला गेला होता. ढाल म्हणजे फरी, फरी-गदग्यातली. धाराशिव जिल्ह्यातल्या वाचकाला कुऱ्हाड नवी नाही. पण बाभूळ तोडणं वेगळं आणि फरशी फिरवणं वेगळं. सगळं वजन टोकाला असतं, त्यामुळे चुकलेला वार मधेच थांबवता येत नाही. त्याला गोल फिरवूनच परत आणावं लागतं. मागचा हात दांड्याच्या बुडाशी घट्ट, पुढचा सरकता. म्हणून आधी लाठी, मग फरशी, हाच क्रम योग्य. उन्हाळ्यात इथल्या कोरड्या हवेत दांडा आकसतो, पातं डुगडुगतं. खेळाआधी पाचर ठोकून पाहायलाच हवी. सुटलेलं पातं समोरच्याच्या अंगावर जातं.

'आईन-ई-अकबरी'च्या शस्त्रयादीत 'तबर' येते, ती याच कुळातली. चीनमध्येही कुऱ्हाडीचा स्वतंत्र सराव आहे. तिथे आखूड दांड्याच्या दोन कुऱ्हाडी दोन हातांत धरतात. 'शुइहू झुआन' या प्रसिद्ध कादंबरीतला लि क्वेइ अशाच जोडीने लढतो. जोडकुऱ्हाडीत सरकत्या हाताची सोय नसते, सगळा भार मनगट आणि कंबरेवर येतो. मूळ मजकुरातला 'दोन्ही हातांनी' हा शब्दप्रयोग मात्र एकाच फरशीबद्दल आहे, जोडीबद्दल नाही.