कोरपन्याला हवे पाणचक्कीसारखे आवार

चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे कोरपना तालुका आहे. तालुक्याच्या पोटात चुनखडी आहे. 1983 मध्ये आवाळपूरला सिमेंटचा कारखाना सुरू झाला. पुढे गडचांदूर, उपरवाही ही नावेही सिमेंटच्या गोणीबरोबर देशभर गेली. कापूस-ज्वारीच्या शेतांच्या कडेला वसाहती उठल्या. गडचांदूरला नगर परिषद आली, कोरपन्याला नगरपंचायत. मजूर, ट्रकचालक, गॅरेजवाले, कापड-किराण्याचे दुकानदार अशी दहा ठिकाणची माणसे येथे स्थिरावली. त्यांत आपलीही बिरादरी आहे.

गाव शहर होऊ लागले की समाजमंदिर, शादीखाना, सांस्कृतिक भवन यांची मागणी होते. आमदार निधीतून इमारत उभी राहते, कोनशिला बसते, आणि लग्नसराई सरली की दाराला कुलूप लागते. प्रत्येक समाजाचे भवन वेगळे, प्रत्येकाचे कुलूपही वेगळे. असे का होते, याचे उत्तर आम्हाला इतिहासात शोधावेसे वाटते. कारण सर्वांच्या उपयोगाचे आवार कसे बांधावे, हे आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते.

कोरपन्याचा मुलूख एके काळी गोंड राजांचा. माणिकगडचा किल्ला आजही त्याची साक्ष देतो. पुढे हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्याच्या राजुरा तालुक्यात होता. 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. 1956 च्या भाषावार प्रांतरचनेत राजुरा नांदेडला जोडला गेला आणि 1959 मध्ये तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात आला. म्हणून येथील बाजारात आजही मराठी, गोंडी, कोलामी, तेलुगू आणि दखनी वळणाची उर्दू एकाच वेळी कानावर पडते.

त्याच संस्थानातले दुसरे शहर म्हणजे औरंगाबाद, 2023 पासूनचे छत्रपती संभाजीनगर. निजामशाहीचा हबशी वजीर मलिक अंबर याने 1610 मध्ये खडकी येथे ही नवी वस्ती वसवली. नवे शहर म्हणजे आधी पाणी, हे ओळखून त्याने नहर बांधली. त्याच्यानंतर याच शहरात बुखाऱ्याकडून आलेले सूफी बाबा शाह मुसाफिर यांच्या तकियाभोवती पाणचक्कीचे आवार वाढत गेले.

आज आपण पाणचक्की पाहायला जातो, फोटो काढतो आणि परततो. तिची रचना मात्र नीट समजून घेण्यासारखी आहे. सुमारे 6 किलोमीटरवरून मातीच्या नळांतून डोंगराकडचे पाणी येते, उंचावरून पडून चक्की फिरवते आणि पुढे हौदात जाते. हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत. वर पाणी असल्याने भर उन्हाळ्यातही ते दालन थंड राहते. म्हणजे एकाच पाण्याने पीठ दळले, कारंजी उडवली आणि वाटसरूच्या डोक्यावर गारवा धरला. आवारात मशीद, दर्गा, मदरसा, कचेरी आणि सराई होती. मोठा ग्रंथसंग्रह होता. फकिराला आणि मुसाफिराला भाकरी मिळत होती, कारण तिचे पीठ तेथेच दळले जात होते. पोट, ज्ञान, इबादत आणि मुक्काम यांची सोय एका भिंतीच्या आत होती. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे मुख्यालय याच पाणचक्कीत असावे, हाही एक अर्थपूर्ण योग.

यामागे वक्फची जुनी समज आहे: वास्तू बांधताना तिच्या खर्चाचीही तजवीज करायची. 1453 मध्ये इस्तंबूल जिंकल्यावर सुलतान मुहम्मद फातिहने बेदेस्तान नावाची व्यापारपेठ बांधली आणि तिचे भाडे आयासोफियाच्या वक्फला लावून दिले. पेठ चालली तर दिवा तेवत राहणार. आपल्या शादीखान्यांत नेमकी हीच गोष्ट राहून गेली आहे.

दुसरा धडा आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने 1980 च्या दशकात आपले गोटूल नव्याने बांधायचे ठरवले. गोटूल म्हणजे तरुणांचे एकत्र येण्याचे, गाण्या-नाचण्याचे, शिकण्याचे घर. त्यासाठी रीतीप्रमाणे सागाचे लाकूड वापरले, म्हणून वनखात्याने ते पाडले. तेव्हा आजूबाजूच्या गावांनीही आपापली गोटुले उभी केली. याच मेंढ्याला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जे घर गावाने सर्वांशी बोलून ठरवले, ते पाडले तरी पुन्हा उभे राहते. कंत्राटदाराने बांधून दिलेल्या भवनासाठी असे कोण धावेल?

भाषेचेही तसेच आहे. 1940 मध्ये जोडेघाटात कोमराम भीम मारला गेल्यावर निजाम सरकारला गोंडांकडे लक्ष द्यावे लागले. मानववंशशास्त्रज्ञ हायमेंडॉर्फ यांच्या पुढाकाराने 1943 मध्ये आदिलाबादच्या मार्लवाईत गोंड शिक्षक तयार करणारे केंद्र निघाले आणि गोंडी पुस्तके देवनागरीत छापली गेली. दरबाराची भाषा उर्दू होती. तरीही गोंडाच्या मुलाला त्याच्या भाषेत अक्षर द्यावे लागले, तेव्हाच शाळा त्याची झाली.

आता कोरपन्यात किंवा गडचांदुरात भवन बांधायचे झाले तर? आमच्या मते, रस्त्याच्या बाजूला भाड्याचे गाळे असावेत आणि ते भाडे त्याच वास्तूच्या दुरुस्तीला, ग्रंथपालाच्या पगाराला लागावे. मागे सावलीचे अंगण हवे. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात झाडाइतके मोठे सभागृह नाही. वाचनालयात मराठी आणि उर्दूबरोबर गोंडी, तेलुगू पुस्तकांचे कपाट असावे. मुलींना अभ्यासाला बसता येईल अशी, संध्याकाळी उशिरापर्यंत उजेडाची खोली असावी. सभागृहात निकाह व्हावा, हळद व्हावी, मुशायरा आणि दंडारही व्हावी. कमिटीत सर्व मोहल्ल्यांची माणसे हवीत, स्त्रियाही हव्यात आणि वर्षाचा हिशेब दारावर लावला जावा.

चुनखडी कधीतरी संपेल, खाणी थांबतील. तेव्हा येथे राहणाऱ्यांना एकमेकांची ओळख राहिली पाहिजे, आणि ती ओळख वेगवेगळ्या कुलपांआड होणार नाही. पुढच्या वेळी कोणी निधी घेऊन आपल्या दारी आले, तर "आमच्या समाजाला शादीखाना द्या" असे म्हणण्याआधी शेजारच्या मोहल्ल्यात जाऊन विचारू या: तुम्हालाही जागा हवी आहे ना? मग अर्ज एकच करू.