सॅट पुन्हा देण्याची प्रथा

अमेरिकेत महाविद्यालयीन प्रवेशासाठी सॅट देणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे विद्यार्थी ती एकापेक्षा अधिक वेळा देतात. पहिली खेप अकरावीच्या उत्तरार्धात आणि दुसरी बारावीच्या सुरुवातीला, असा आता रिवाजच आहे. परीक्षेच्या पहिल्या तीस वर्षांत मात्र ‘पुन्हा बसावे का’ हा प्रश्न विद्यार्थ्यापुढे सहसा येतच नसे. परीक्षेचे नियम बदलत गेले तसा तो पुढे आला, आणि जवळजवळ प्रत्येक बदलाचा लाभ आधी त्यांना झाला ज्यांच्या घरी नियम समजून घेणारे कोणी होते.

महाविद्यालयांची प्रवेश परीक्षा एकसारखी असावी म्हणून 1900 मध्ये कॉलेज बोर्ड स्थापन झाले. त्याची पहिली परीक्षा 1901 मध्ये झाली. ती निबंधवजा उत्तरांची होती. वस्तुनिष्ठ प्रश्नांची सॅट आली 23 जून 1926 रोजी. त्या दिवशी 8,040 उमेदवारांनी 97 मिनिटांत 315 प्रश्नांना तोंड दिले. परीक्षा रचणारे प्रिन्स्टनचे प्राध्यापक कार्ल ब्रिगम पहिल्या महायुद्धातील सैन्यभरतीच्या बुद्धिमत्ता चाचण्यांतून पुढे आले होते. त्या चाचण्यांच्या आधारे 1923 च्या पुस्तकात त्यांनी वंशावंशांच्या बुद्धीची उतरंड मांडली होती. 1930 मध्ये त्यांनी स्वतःच तो निष्कर्ष निराधार ठरवून मागे घेतला. पण चाचणी माणसाची उपजत कुवत मोजते ही समजूत परीक्षेला चिकटून राहिली. कुवत जर उपजतच असेल, तर चार महिन्यांनी तीच परीक्षा पुन्हा देऊन हाती काय लागणार? पुनर्परीक्षेचा विचार दीर्घकाळ गौण राहिला त्यामागे ही समजूत होती.

दुसरी अडचण तांत्रिक होती. सुरुवातीला प्रत्येक वेळचे गुण त्या वेळच्या उमेदवारांच्या तुलनेत ठरत. त्यामुळे एका वर्षीचे 520 आणि दुसऱ्या वर्षीचे 520 एकच मानता येत नसत. एप्रिल 1941 मधील उमेदवारांची सरासरी 500 धरून मापपट्टी पक्की करण्यात आली आणि पुढच्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेचे गुण सांख्यिकी पद्धतीने तिच्याशी जुळवले जाऊ लागले. काही प्रश्न दोन परीक्षांत सामाईक ठेवायचे, त्यांवरून कोणती प्रश्नपत्रिका किती अवघड होती ते ताडायचे आणि त्यानुसार गुणांचे रूपांतर करायचे, अशी ही रीत आहे. पुनर्परीक्षेचा सारा व्यवहार या जुळवणीवर उभा आहे, कारण मार्चमधले गुण आणि ऑक्टोबरमधले गुण एकाच पट्टीवर असतील तरच त्यांतला चांगला निवडण्याला अर्थ असतो. 1995 मध्ये या पट्टीचा मध्य नव्याने बसवला गेला, तरी जुळवणीचे तत्त्व तेच राहिले.

युद्धकाळात 1942 मध्ये बोर्डाच्या निबंधवजा प्रवेश परीक्षा बंद पडल्या आणि सॅट हीच मुख्य परीक्षा ठरली. 1947 च्या अखेरीस एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस स्थापन होऊन परीक्षा चालवण्याचे काम तिच्याकडे गेले. तरीही गुण विद्यार्थ्याला कळत नसत. ते शाळेला आणि महाविद्यालयाला जात. मुलांनी एका आकड्यावरून स्वतःची किंमत करू नये, असे कारण दिले जाई. 1950 च्या दशकाच्या अखेरीस गुण विद्यार्थ्यांच्या हाती पडू लागले. स्वतःचा आकडाच ठाऊक नसेल तर परीक्षा पुन्हा द्यावी का हे ठरवणार कसे? या प्रथेचा खरा आरंभ म्हणूनच या बदलापासून धरावा लागतो. 1959 च्या नोव्हेंबरमध्ये आयोवा विद्यापीठातील ई. एफ. लिंडक्विस्ट यांच्या पुढाकाराने एसीटी ही प्रतिस्पर्धी परीक्षा सुरू झाली. शाळेत शिकवलेल्या विषयांकडे तिचा कल अधिक होता. मग सॅट पुन्हा द्यायची की एसीटीकडे वळायचे, असाही पर्याय तयार झाला.

दरम्यान ब्रुकलिनमध्ये एका प्लंबरच्या मुलाने, स्टॅन्ली कॅप्लन यांनी, 1938 पासून घराच्या तळघरात शिकवण्या चालवल्या होत्या. 1946 पासून ते सॅटची तयारी करून घेऊ लागले. परीक्षा देऊन आलेल्या मुलांना ते आठवणारे प्रश्न विचारत आणि त्यावरून सराव रचत. शिकवणीने गुण फारसे हलत नाहीत, ही बोर्डाची अधिकृत भूमिका होती. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने चौकशी करून 1979 मध्ये जो अहवाल दिला, त्यात काही शिकवण्यांनी गुण वाढतात असे आढळले. वाढ डोळे दिपवणारी नव्हती, पण उपजत कुवतीच्या दाव्याला तडा जायला ती पुरेशी होती. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याने कायदा करून उत्तरे आणि प्रश्नपत्रिका परीक्षार्थींना पाहण्याची मुभा दिली. चूक कुठे झाली हे पहिल्यांदाच दिसू लागले आणि दुसऱ्या खेपेची तयारी नेमकी करता येऊ लागली.

गुण का बदलतात, हे या निर्णयाचे मर्म आहे. थोडे परिपक्वतेमुळे, थोडे परीक्षेच्या सवयीमुळे आणि बरेचसे योगायोगाने. एकाच विद्यार्थ्याने काहीही नवे न शिकता परीक्षा पुन्हा दिली, तरी प्रत्येक विभागात साधारण 30 गुणांचा फरक सहज पडतो. कॉलेज बोर्डाच्या आकडेवारीनुसार अकरावीत सॅट देऊन बारावीत पुन्हा बसणाऱ्यांपैकी सुमारे 55 टक्क्यांचे गुण वाढले, 35 टक्क्यांचे घटले आणि उरलेल्यांचे तसेच राहिले. पहिले गुण जितके जास्त, तितकी घट होण्याची शक्यता अधिक. तरी विद्यार्थी हा हिशेब क्वचितच करतात. डेव्हिन पोप आणि उरी सिमॉनसन यांनी 2011 मध्ये दाखवून दिले की 1290 सारख्या, पूर्ण शतकाच्या किंचित खाली थांबलेल्या गुणांच्या विद्यार्थ्यांची 1300 मिळालेल्यांपेक्षा पुन्हा बसण्याची शक्यता ठळकपणे जास्त असते. दोघांच्या कुवतीत मात्र सांगण्याजोगा फरक नसतो.

घट झाली तर काय, ही भीती नियमांनी हळूहळू कमी केली. पूर्वी सॅटचे सगळ्या खेपांचे गुण महाविद्यालयाला एकत्र जात. 2009 पासून कोणत्या तारखेचे गुण पाठवायचे ते विद्यार्थी निवडू शकतो. एसीटीत ही सोय आधीपासून होती. काही महाविद्यालयांनी तरी सर्व खेपांचे गुण मागणे चालूच ठेवले आणि जॉर्जटाउन हे त्यांतले ठळक नाव. दुसरी सवलत सुपरस्कोअरची. एका खेपेतील गणिताचे आणि दुसऱ्या खेपेतील वाचन-लेखनाचे सर्वोत्तम गुण जोडून नवी बेरीज धरायची, असा तिचा अर्थ. अनेक खासगी महाविद्यालये ती मान्य करतात. कॅलिफोर्निया विद्यापीठ मात्र सॅट बंद करेपर्यंत एकाच बैठकीची सर्वोच्च बेरीज पाहत असे. सुपरस्कोअरमध्ये पुन्हा बसणाऱ्याचे नुकसान जवळपास होतच नाही, म्हणून जितक्या खेपा तितका लाभ. जेकब विग्डर आणि चार्ल्स क्लॉटफेल्टर यांनी 2003 मध्येच यातला अन्याय दाखवला होता: ज्यांना शुल्क, वेळ आणि प्रवास परवडतो, तेच अधिक वेळा बसतात.

जोशुआ गुडमन, ओडेड गुरांट्झ आणि जोनाथन स्मिथ यांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या निष्कर्षाला भक्कम आधार दिला. अभ्यासातील विद्यार्थ्यांच्या वेळच्या 2400 गुणांच्या परीक्षेत एकदा पुन्हा बसल्याने प्रवेशासाठी धरली जाणारी बेरीज सुमारे 90 गुणांनी वाढत होती. कमी उत्पन्नाच्या घरांतली मुले पुन्हा कमी बसत होती, पण बसली तर चार वर्षांच्या महाविद्यालयात प्रवेश मिळण्याची त्यांची शक्यता उल्लेखनीय वाढत होती. ज्यांना दुसऱ्या खेपेची खरी गरज होती, नेमके तेच तिच्यापासून दूर राहत होते. गरीब विद्यार्थ्याला सॅटचे शुल्क दोन वेळा माफ होते, ही सवलत याच कारणासाठी मोलाची आहे. मात्र तिची माहिती देणारा समुपदेशक शाळेत असायला हवा.

महाराष्ट्रातील पालकांना यातले काही ओळखीचे वाटेल. 2019 पासून अभियांत्रिकी प्रवेशाची जेईई मेन वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा होते आणि त्यांतला सर्वांत चांगला गुणांक धरला जातो. फरक इतका, की जेईईत क्रमांक त्या गुणांकावरच ठरतो, तर अमेरिकेत सॅट हा शाळेतील गुण, निबंध आणि शिफारसपत्रे यांच्यासोबतचा एक घटक असतो.

2020 च्या महामारीत परीक्षा केंद्रे बंद झाली. एसीटीने एकेका विभागाची स्वतंत्र पुनर्परीक्षा त्याच वर्षी सुरू करायचे ठरवले होते, तीही लांबणीवर पडली. बहुतेक महाविद्यालयांनी गुण देणे ऐच्छिक केले. एमआयटीने 2022 मध्ये सॅट किंवा एसीटी पुन्हा सक्तीची केली आणि डार्टमथने 2024 मध्ये. गुण ऐच्छिक असताना मागास परिस्थितीतील काही अर्जदारांनी स्वतःला मदत करू शकणारे गुण कमी समजून पाठवलेच नाहीत, असे डार्टमथच्या अभ्यासकांना आढळले होते. 2024 च्या मार्चपासून अमेरिकेत सॅट पूर्णपणे संगणकावर होते. ती दोन तास चौदा मिनिटांची आहे आणि पहिल्या भागातील उत्तरांवरून दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते. कागदी आणि संगणकीय खेपांचे गुण एकाच 1600 च्या पट्टीवर येत असल्याने दोहोंतले सर्वोत्तम विभाग जोडून सुपरस्कोअर धरण्यास अडथळा राहिलेला नाही.