समोर दिसणाऱ्यालाच काम?

मुंबईत अंधेरी पूर्वेला सीप्झ हे निर्यात क्षेत्र सुरू झालं १९७३ साली. त्याच वर्षी अमेरिकेत जॅक निलेस यांनी टेलिकम्युटिंगची कल्पना मांडली: माणसाने रोज कामाकडे जाण्यापेक्षा काम तारेवरून माणसाकडे यावं. मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या आणि सीप्झ, पवई, मालाडमधली कामं बोरिवली-मुलुंडच्या घरांत शिरली. पुढे ऑफिसं उघडली, तरी आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम करण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी टिकली. या हायब्रिड व्यवस्थेत साहेबाने कसं वागावं, न्याय कशाला म्हणावं आणि माणसांचं स्वास्थ्य कुणी जपावं, याचा अभ्यास करू पाहणाऱ्या वाचकासाठी हा मजकूर आहे.

कामाच्या जागच्या न्यायाचा अभ्यास १९८०च्या दशकात जेरल्ड ग्रीनबर्ग यांच्यासारख्या संशोधकांनी नावारूपाला आणला. त्यात मुख्यतः तीन गोष्टी तपासतात: कुणाला काय मिळालं, ते कोणत्या पद्धतीने ठरलं आणि ठरवताना माणसाला कसं वागवलं. हायब्रिड ऑफिसात मला यातली पद्धत सर्वांत महत्त्वाची वाटते. पगारवाढ कमी मिळाली तरी माणूस एक वेळ सोसतो; ती कशावरून ठरली हेच कळलं नाही, तर मात्र त्याचं मन उडतं.

काम कुणाला आणि कशावरून द्यायचं, हा प्रश्न मुंबईला जुनाच आहे. गिरणीच्या दारात सकाळी बदली कामगार उभे राहत आणि जॉबर, म्हणजे मुकादम, त्यांतून माणसं उचले. ओळखीचा, गावचा, समोर असलेला आत जाई. १९३०च्या दशकात बदली कामगारांची नोंद ठेवून कार्डं देण्याची पद्धत आली, ती जॉबरच्या मर्जीला लगाम घालण्यासाठीच. आज चांगलं प्रोजेक्ट कुणाला द्यायचं हे टीम लीड ठरवतो, आणि त्याच्या डोळ्यांसमोर असतो तो शेजारच्या टेबलावरचा माणूस. हा अन्याय क्वचितच मुद्दाम केलेला असतो, म्हणूनच तो पकडणं अवघड जातं.

निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांचे चीनमधल्या एकाच प्रवास कंपनीतले दोन प्रयोग इथे शेजारी ठेवून वाचावेत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्यात कॉल सेंटरची माणसं आठवड्याचे चार दिवस घरून काम करत. त्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली, पण तितक्याच कामगिरीवर बढती मिळण्याची शक्यता घटली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्यात १,६१२ कर्मचारी होते. घरून कामाचे दोन दिवस ठरलेले होते. नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने कमी झालं आणि बढतीत फरक पडला नाही. नियम आखीव असला की दूर बसण्याची किंमत कमी होते, असा मी याचा अर्थ लावतो.

आपल्या उपनगरांत मात्र घर हाही मोठा मुद्दा आहे. घाटकोपरच्या वन रूम किचनमध्ये सून इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मीटिंगला बसते, ओट्यावर कुकरची शिट्टी झाली की माइक बंद करते, आणि सासरे तेवढा वेळ जिन्यात जाऊन बसतात. तिला ऑफिस हवंसं वाटतं, तर रोज बोरिवलीहून अंधेरीला लोंबकळत जाणाऱ्याला घर. दोघांना एकच नियम लावून समता येत नाही. २०१७च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने २६ आठवड्यांच्या रजेनंतर, काम तसं असेल तर, आपसांतल्या सहमतीने घरून काम करण्याची वाट दिली. ती वाट घेणारी आई बढतीच्या यादीतून गळत असेल, तर कायद्याने दिलेलं ऑफिसने काढून घेतलं म्हणायचं. शिवाय गेटवरचा वॉचमन आणि हाउसकीपिंगची बाई यांना हायब्रिड नाहीच. त्यांना वगळून केलेला अभ्यास मला अपुरा वाटतो.

पुढे वाचण्याआधी एक काम करा. तुमच्या ऑफिसातल्या गेल्या वर्षीच्या बढत्यांची यादी घ्या आणि तिच्याशेजारी त्याच माणसांची हजेरी मांडा.