सरकारी शाळा कुणाला नको आहे? घोलवड-तलासरीच्या इतिहासातून एक उत्तर

"जिल्हा परिषदेच्या शाळा बंद पडल्या तर पडू देत, आमची मुलं इंग्लिश मीडियमला आहेत." हे वाक्य बोलणारा माणूस आता सवर्णच असतो असं नाही. आरक्षणातून नोकरी लागलेला, घरात बाबासाहेबांचा फोटो असलेला आपला माणूसही ते सहज बोलून जातो. त्याचा बाप किंवा आजा ज्या शाळेत शिकला, ती शाळा कुठून आली, कुणी भांडून मिळवली, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून हा इतिहास.

१९४५ हे साल धरू. पश्चिम रेल्वेवरचं घोलवड स्टेशन, शेजारी बोर्डी, आणि पूर्वेला आत गेलं की तलासरीचा डोंगराळ वारली मुलूख. २३ मे १९४५ रोजी झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठबिगार करणार नाही, बारा आण्यांखाली मजुरी घेणार नाही, असं ठरवून उठले. ही परिषद घेणारे कॉम्रेड शामराव आणि गोदावरी परुळेकर. आपल्या तरुणांना शामराव परुळेकर कम्युनिस्ट म्हणूनच माहीत असतात, पण १९३७ ला ते बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार होते आणि १९३८ च्या खोतीविरोधी मोर्चात बाबासाहेबांबरोबर होते. म्हणजे झरीचा धागा आपल्या चळवळीशी जुळलेला आहे. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्याचे साथी मारले गेले.

आता प्रश्न असा की माणूस पिढ्यान् पिढ्या वेठबिगार का राहिला? जमीन गेली, जंगल गेलं, हे तर खरंच. पण लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या थोड्याशा रकमेपायी नवरा-बायको दोघं 'लग्नगडी' होऊन राबत राहिले, त्याला कागदाचाही आधार होता. कर्ज किती, फिटलं किती, अंगठा कशावर घेतला, हे वाचणारा एकही माणूस पाड्यावर नव्हता. वाचणारा होता तो सावकाराच्या ओट्यावर. निरक्षरता हे गरिबीचं फळ आहे असं आपण म्हणतो. इथे ती जमीनदाराच्या मिळकतीचा भाग होती.

शाळा मात्र या भागात नव्हती असं नाही. बोर्डीचं सुनाबाई पेस्तनजी हकीमजी हायस्कूल स्वातंत्र्याच्या आधीपासून नावाजलेलं होतं. आचार्य भिसे यांच्यासारखा मुख्याध्यापक तिथे झाला, त्यांनी आदिवासींसाठी मनापासून काम केलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. शाळा चालवणारी संस्था गोखले एज्युकेशन सोसायटी. ज्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचं नाव तिला आहे, त्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं होतं आणि ते पाडलं गेलं. देशातल्या जमीनदारांचाही त्याला विरोध होता. पोरं शाळेत गेली तर गुरं कोण राखणार? गोखले ब्राह्मण होते, नेमस्त होते, पण शाळा सरकारनेच द्यावी लागेल हे त्यांनाही कळलं होतं.

त्याच १९४५ साली ताराबाई मोडक मुंबई सोडून बोर्डीला आल्या, सोबत अनुताई वाघ. त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. बालवाडी सुरू झाली, पण आदिवासी आणि दलित वस्तीतली मुलं तिथे येईनात. तेव्हा बायांनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आणि ही कल्पना जन्मली ती इथे. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली, ती कुरणशाळा. मूल शाळेत येत नसेल तर दोष मुलाचा नाही, शाळेचा आहे, इतकी साधी गोष्ट त्या बायांनी करून दाखवली.

हे काम खाजगी संस्थेचं होतं. खाजगीकरणवाले मित्र लगेच म्हणतील, बघा, चांगलं ते खाजगीतच झालं! पण पुढचं पाहा. १९४५ पासून तीस वर्षं अंगणवाडी हा थोड्या ठिकाणचा प्रयोग राहिला. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा कुठे ती देशभरच्या वस्त्यांत पोचू लागली. ताराबाईंकडे कल्पना होती, निष्ठा होती. प्रत्येक पाड्यावर एक सेविका नेमण्याची ताकद फक्त सरकारच्या तिजोरीत असते. अंगणवाडी सेविकेला ते सरकार किती मानधन देतं हा वेगळा संतापाचा विषय आहे, आणि तो सरकारच्याच दारात मांडता येतो.

ही गोष्ट महात्मा फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात लिहून ठेवली आहे. सरकारचा महसूल शेतकरी-कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा हिशेब होता. किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी होती. आणि आज फारसं कुणी सांगत नाही ते असं: सरकारने शाळा-कॉलेजांतून अंग काढून घेऊ नये, खाजगी हातात गेलं की शिक्षणातला निःपक्षपातीपणा धोक्यात येईल, असा इशाराही त्यांनी दिला होता. शाळा चालवणाऱ्या खाजगी मंडळांत कोण बसणार, हे जोतीरावांना पुण्यात राहून नीट माहीत होतं.

बाबासाहेबांनी हाच हिशेब १२ मार्च १९२७ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात आकड्यांसह मांडला. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करतं आणि अबकारीतून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करतं, निदान जेवढं दारूतून घेता तेवढं तरी शिक्षणाला द्या, असं त्यांचं म्हणणं. प्राथमिक शाळेत गेलेल्या शंभरातली अठराच मुलं चौथीपर्यंत पोचतात, हेही त्यांनी सांगितलं. शिक्षण खातं हे 'पैसे मोजा, माल घ्या' या हिशेबाने चालवायचं खातं नाही, ही त्यांची भूमिका होती. ताडी-दारूचा पैसा कुणाच्या खिशातून जातो आणि शाळा कुणाच्या गावात उभी राहते, हे डहाणू-तलासरीच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

सरकारी शाळा म्हणजे समतेचा स्वर्ग होता, असं मात्र कुणी समजू नये. साताऱ्याच्या सरकारी शाळेत छोट्या भीमाला गोणपाटावर वेगळं बसवलं, ती शाळा सरकारीच होती. १८५६ ला धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला, तो सरकारनेच. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांकडे गेलं तेव्हा त्याला बाबासाहेबांनी आक्षेप घेतला, कारण त्या मंडळांत अस्पृश्यांच्या शाळेला पाण्यात पाहणारीच माणसं बसणार होती. आजही आश्रमशाळांची अवस्था काय आहे? मुलांच्या मृत्यूंच्या प्रश्नावर २०१६ मध्ये डॉ. सुभाष साळुंखे समिती नेमावी लागली. हे सगळं मान्य. पण धारवाडच्या त्या अर्जाचं पुढे काय झालं? दोन वर्षांत, १८५८ ला, सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत असं वरून लेखी धोरण आलं. अंमल व्हायला पिढ्या गेल्या, तरी हातात कागद आला. सरकारी शाळेने नाकारलं की अर्ज, मोर्चा, कोर्ट, सभागृह असे रस्ते उघडतात. मालकाच्या शाळेने नाकारलं की "जागा भरल्या" एवढंच उत्तर मिळतं.

मग कुणी विचारतं, बाबासाहेबांनीच पीपल्स एज्युकेशन सोसायटी का काढली? ८ जुलै १९४५, पुन्हा तेच साल. सिद्धार्थ कॉलेजात नोकरी करणाऱ्या पोरांसाठी सकाळचे वर्ग होते, औरंगाबादला मिलिंद उभं राहिलं. तलासरीचं गोदावरी परुळेकरांच्या नावाचं महाविद्यालयसुद्धा चळवळीच्याच संस्थेचं, आदिवासी प्रगती मंडळाचं. समाजाने समाजासाठी उभी केलेली संस्था आणि फी भरणाऱ्या गिऱ्हाइकासाठी काढलेलं दुकान, दोघांच्या पाटीवर 'खाजगी' लिहिलं म्हणून ती एक होत नाहीत. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर आपल्या राज्यात वाढली ती दुसरी जात.

त्यात आणखी एक गंमत. आदिवासी विकास विभागाची 'नामांकित शाळा' योजना आहे. आदिवासी मुलांना निवासी इंग्रजी शाळेत घालायचं आणि त्यांची फी सरकारने त्या खाजगी संस्थेला द्यायची. निवडलेल्या मुलाचं भलं होत असेल, त्याच्या आईबापाला मी नावं ठेवणार नाही. पण पाड्यावरच्या शाळेला शिक्षक द्यायला पैसा नाही म्हणणारी तिजोरी इथे उघडते कशी? पटसंख्या कमी म्हणून २०१७ ला राज्यातल्या तेराशेच्या आसपास शाळा बंद करायचा निर्णय झाला, २०२३ ला समूह शाळांचा आणि कंपन्यांना शाळा दत्तक देण्याचा घाट घातला गेला. डोंगराळ तालुक्यात शाळा तीन किलोमीटर लांब गेली की पहिली गळते ती मुलगी.

९ फेब्रुवारी २०२४ ला तर राज्य सरकारने शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव प्रवेशातून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खाजगी शाळांना सूट दिली. म्हणजे जिथे सरकारी शाळा आहे तिथे गरिबाने तिकडेच जावं, श्रीमंताच्या पोराशेजारी बसू नये! मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ ला ती सूट रद्द केली. एकीकडे सरकारी शाळा पोसायची नाही, दुसरीकडे तिचंच नाव पुढे करून खाजगीचं दार बंद करायचं.

आणि नोकरीचं काय? जिल्हा परिषदेच्या शिक्षक भरतीत आरक्षण आहे, बिंदुनामावली आहे. स्वयंअर्थसहाय्यित शाळेत शिक्षक कोण नेमायचा हे संस्थाचालक ठरवतो. आपल्या हजारो घरांतला पहिला पगारदार माणूस प्राथमिक शिक्षक होता, हे विसरून कसं चालेल?

कार्यकर्त्यांनी हे हातात ठेवावं: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते, निम्म्या सदस्य स्त्रिया असतात. अनुदान कुठे गेलं, शिक्षक का येत नाही, हे झरीच्या पाड्यावरची बाई त्या बैठकीत विचारू शकते. विनाअनुदानित खाजगी शाळांना हे कलम लागू नाही.